मेणवलीच्या घाटावर वसईची घंटा

वाईपासून मेणवली जेमतेम तीन किलोमीटर. बहुतेक लोक इथे नाना फडणवीसांचा वाडा बघायला येतात. मी आलो ते घंटेसाठी. मी वसईचा कॅथलिक, आणि ही घंटा आमच्या वसईहून आलेली.

वाड्यामागून कृष्णेच्या घाटावर उतरलो. काळ्या दगडाच्या पायऱ्या, मेणेश्वराचं देऊळ आणि जवळच घंटेसाठी बांधलेली छोटी दगडी वास्तू. फोटोंवरून घंटेच्या आकाराचा अंदाजच येत नाही. केवढी मोठी आहे! मान वर करून बराच वेळ बघत राहिलो. धातूवर चढलेली हिरवट झाक, १७०७ हे साल आणि बाळ येशूला कडेवर घेतलेली मरियामाता. तीनशेहून जास्त वर्षं झाली, तरी आई आणि लेकरू लगेच ओळखू येतात. मी क्रुसाची खूण केली आणि तिथेच उभ्या उभ्या प्रार्थना म्हटली.

चिमाजी अप्पांनी मे १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून वसई घेतली आणि किल्ल्यातल्या चर्चच्या घंटा विजयाची खूण म्हणून देवळांना दिल्या गेल्या. एक भीमाशंकरला आहे, एक नाशिकच्या नारोशंकर मंदिरात. शाळेत हा धडा आला की मनात यायचं, यात आपण कोणाच्या बाजूचे? मराठी म्हणून छाती फुगायची आणि घरी आल्यावर आजी किल्ल्यातल्या पडक्या चर्चबद्दल हळहळायची.

आज मला दोन्ही आपलंच वाटतं. पोर्तुगीजांच्या राज्यात देवळं पाडली गेली, बळजबरी झाली. ते झाकून माझी श्रद्धा मोठी होत नाही. पण पोर्तुगीज गेले तरी आम्ही गेलो नाही. कुपारी, वाडवळ, कोळी, असे आमचे सगळे ख्रिस्ती समाज आपापल्या वाडीत राहिले. गोव्याच्या देशी धर्मगुरूंनी गावोगावच्या मिस्सा, म्हणजे चर्चमधल्या उपासना, चालू ठेवल्या. म्हणून या घंटेला कोणी नुसतं ‘पोर्तुगीज घंटा’ म्हटलं की मला खटकतं. ओतली कोणीही असो, तिचा आवाज ऐकून हातातलं काम ठेवून प्रार्थनेला उभे राहणारे आमचे पूर्वज होते. वसईतच जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया १५९७ मध्ये नागासाकीला क्रुसावर गेले, तेही आधी आमच्या मातीतले.

आणखी एक गोष्ट घाटावर उभं असताना फार जाणवली. लढाईच्या दिवसांत एवढ्या धातूला मोल होतं. वितळवून तोफेच्या कामी आणता आला असता. ज्यांनी ही घंटा वसईहून आणली त्यांनी ती देवाच्या दारात टांगली, मरियामातेची आकृतीही घासून काढली नाही. मला यात जिंकणाऱ्याचा अभिमान दिसतोच, पण देवाच्या वस्तूची बूजही दिसते. ही घंटा परत मागावी असं आमच्याकडे कधीमधी कोणी बोलतं. मला नाही पटत. ती प्रार्थनेच्या जागीच आहे.

आमच्या पॅरिशच्या सहली दरवर्षी वेळांकणीला नाहीतर जुन्या गोव्याला जातात. एक बस मेणवलीला यायला हवी, धर्मशिक्षणाच्या वर्गातली मुलं घेऊन. मी फादरांना तसं सांगणार आहे.