लाकडी पट्टी

अमेरिकेतली एक रेसिडेंट डॉक्टर महिनाभर आमच्या ओपीडीत बसणार, हे कळलं तेव्हा माझ्या कपाळाला आठीच पडली. उत्तर नागपुरातलं आरोग्य केंद्र, जेवणाआधी साठ-सत्तर पेशंट, त्यात हिला इंग्रजीतून समजावत कोण बसणार? दोघीही फॅमिली मेडिसिनच्या तिसऱ्या वर्षाला. पण इथली नोंदणी नसल्यामुळे तिनं पेशंटला हात लावायचा नाही, नुसतं पाहायचं. (आम्हाला तिकडे असं नुसतं पाहायला जायचं तरी व्हिसापासून रडगाणं, हेही मनात होतंच.)

डिसेंबरातली गारठलेली सकाळ. एक आजी सव्वा वर्षाच्या नातवाला घेऊन आली, मागे त्याची आई. पोराचे पंजे आणि पावलं टम्म सुजलेली, बोट लावलं की किंकाळी. विदर्भात शिकलेल्या डॉक्टरला अशा वेळी आधी सिकलसेल आठवतो, तांबड्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकवणारा आनुवंशिक आजार. थंडीत त्याचं दुखणं उसळतं. बोट टोचून त्याची सोल्युबिलिटी चाचणी केली, नळी गढूळ झाली, म्हणजे शंका खरी. पाहुणीच्या लेखी हा आफ्रिकी वंशाच्या लोकांचा आजार. भारतात तो १९५२ मध्येच निलगिरीच्या आदिवासींत सापडला, आमच्याकडे तर वस्त्यावस्त्यांत आहे, हे सांगताना मला जरा मास्तरकीच चढली. त्यांच्याकडे २००६ पासून सगळ्या राज्यांत जन्मतःच ही तपासणी होते, असं ती म्हणाली आणि मी गप्प.

दुखण्याचं औषध, भरपूर पाणी, पक्क्या तपासणीसाठी मेडिकलची, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्याची, चिठ्ठी. पुढच्याला हाक मारणार तोच ती हळूच म्हणाली, "आजींना विचार ना, त्यांना काय वाटतं, याला काय झालंय?"

बाहेरची रांग बघ बाई, असं ओठांवर आलं होतं. तरी विचारलं.

"हे त आमच्या घरचंच दुखणं हाय जी. याच्या बहिणीचे बी असेच हातपाय सुजत. दोन वर्साची होती. एका रातीत पोट फुगलं, पांढरीफटक पडली. दवाखान्यात नेईस्तोवर गेली."

आई खाली बघत राहिली. प्लीहेत, पोटातल्या डाव्या बाजूच्या त्या अवयवात, रक्त साठत जातं, काही तासांत पोर हातचं जातं, ते हेच. आणि समोरच्या केसपेपरवर, 'कुटुंबात आजार' या रकान्यात, मी आधीच 'नाही' लिहून ठेवलेलं.

जीभ दाबायची लाकडी पट्टी पाहुणीनं माझ्या हातात दिली. तिच्याकडे आईवडिलांना अशी पट्टी देतात. जमैकात आयांना प्लीहा चाचपायला शिकवल्यावर त्यातले मृत्यू घटले, हे मीही वाचलं होतं, शिकवलं मात्र कुणालाच नव्हतं. आईची बोटं धरून बाळाच्या डाव्या फासळ्यांखाली टेकवली. पहिल्यांदा तिला काही कळेना. मग ती चमकली, "हे टणक लागते, हे का जी?" पट्टीचं एक टोक बाळाच्या डाव्या स्तनाग्रावर ठेवलं, प्लीहेची कड आली तिथं पट्टीवर पेनानं रेघ मारली. कड या रेघेच्या खाली उतरली, पोर पांढरं पडलं, तर सकाळची वाट बघायची नाही, रात्रीच मेडिकल गाठायचं.

आजीनं पट्टी बटव्यात घातली आणि पुन्हा हात पुढे केला.

"अजून एक द्या न मॅडम. माह्या पोरीचं पोरगं बी थंडीत असंच रडते."

"पट्टी नको आजी, त्याला घेऊन या," मी म्हटलं. "उद्याच."