तुम्ही विचारलंत म्हणून: सिड चिपचे संगीत मी अजूनही का ऐकतो

जुन्या कॉम्प्युटर गेममधले ते किरकिरे संगीत तुम्ही अजून का ऐकता, हे बालपणाचे स्मरणरंजनच ना, असे मला वारंवार विचारले जाते. माझ्या बालपणी आमच्या घरी संगणकच नव्हता. कमोडोर 64 हे यंत्र 1982 साली बाजारात आले; मी त्याचा आवाज प्रथम ऐकला तो नोकरीला लागल्यावर, इम्युलेटरमधून, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममधून. त्यामुळे आठवणींचे कारण मला लागू पडत नाही.

मला त्यात संगीतकाराने घेतलेला निर्णय ऐकू येतो. कमोडोर 64 मध्ये आवाज निर्माण करणाऱ्या, बॉब यानेस यांनी घडवलेल्या सिड चिपमध्ये एका वेळी तीनच स्वर वाजतात आणि चाल, खर्ज व ताल यांतच ते संपतात. म्हणून रॉब हबर्ड, मार्टिन गॉलवे या गेमसंगीतकारांच्या पिढीने कॉर्डचे स्वर एकाच चॅनलवर, सेकंदाला 50 वेळा बदलणाऱ्या पडद्याच्या गतीने, असे आळीपाळीने वाजवले की ते एकत्र, पण थरथरत ऐकू यावेत. ती थरथर म्हणजे अडचणीतून काढलेली वाट आहे.

एका घरगुती संगीत बैठकीत मला यावर बोलायला बोलावले होते. मी हबर्ड यांची 1985 ची ‘माँटी ऑन द रन’ ही रचना लावली. थोड्याच वेळात एका ज्येष्ठ संवादिनीवादकांनी हात वर केला. “बंद करा हे. यात मींड नाही, श्वास नाही. हे वाद्यच नव्हे.” कोणीही काही बोलले नाही. मी लॅपटॉप मिटला, चहा आला आणि विषय संपला. अपमान केवळ माझा असता, तर मी तो विसरलो असतो. पण ज्यांच्या कष्टांविषयी मला सांगायचे होते, त्यांच्याबद्दल एक वाक्यही मला बोलता आले नाही. शिवाय मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे, निघत नाही या आक्षेपापायी ज्या वाद्याला ऑल इंडिया रेडिओने 1940 मध्ये दार बंद केले होते, त्याच वाद्याच्या साधकाने ते म्हणावे, याचे दुःख अधिक झाले. सिडच्या प्रत्येक चॅनलची कंप्रता 65,536 पायऱ्यांत बदलता येते. तिथे स्वर घसरवता येतो आणि हबर्ड तो घसरवतात.

श्वासाच्या आक्षेपाला मात्र माझ्याकडे उत्तर नाही. त्या रचनांची लय पडद्याच्या गतीला खिळलेली असते. गायक जसा समेवर किंचित रेंगाळतो, तसे तिथे होत नाही. फिनलंडने 2020 मध्ये आणि जर्मनीने 2021 मध्ये डेमोसीनला, म्हणजे संगणकावर चित्र-संगीताचे छोटे प्रोग्राम (डेमो) रचणाऱ्या हौशी मंडळींच्या परंपरेला, अमूर्त सांस्कृतिक वारसा म्हणून नोंदवले, तरी तेही त्याचे उत्तर होत नाही.

मर्यादेमुळेच कला जन्मते, असे मी पूर्वी ठासून सांगत असे. आता मला ते पटत नाही, कारण त्याच चिपवर असंख्य निर्जीव रचनाही झाल्या, आणि त्या काळच्या संगीतकारांनी तीन स्वर काही हौसेने निवडले नव्हते. हौसेने निवडतात ते आजचे डेमो रचणारे. लिनुस ओकेसन यांनी 2017 च्या रिव्हिजन या डेमोकारांच्या मेळाव्यात कमोडोर 64 वर दोन मिनिटांहून अधिक चालणारे चित्र आणि संगीत 256 बाइटांत बसवले. यूटीएफ-8 या संगणकावर मजकूर साठवण्याच्या पद्धतीने साठवल्यास तेवढ्या जागेत देवनागरीची 85 चिन्हे मावतात. त्यातली चाल मात्र गणिती क्रमातून उपजते. मग तिथे मला जो निर्णय ऐकू येतो, तो ओकेसन यांचा मानावा की त्या गणिताचा, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही.