इस्रायल आळीतली शुक्रवारची दुपार

अलिबागला मी किती वेळा गेलोय त्याचा हिशोबच नाही, पण दरवेळी मांडवा, किहीम, बीच, मासे आणि परत. यावेळी जानेवारीत भाऊच्या धक्क्यावरून रो-रोत बाइक टाकली आणि किहीमच्या पुढे मुद्दाम नवगावला थांबलो. बेने इस्रायली म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू, त्यांची गोष्ट इथून सुरू होते. त्यांचे पूर्वज ज्या गलबतातून आले ते या किनाऱ्याजवळ फुटलं, सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या, बाकीच्यांना इथेच पुरलं, असं त्यांच्यात पिढ्यान् पिढ्या सांगतात. दफनभूमीत एक स्मारकाचा खांब आहे, बाजूला नारळी-पोफळी, समुद्राचा आवाज येत राहतो. मी एकटाच होतो तिथे, बराच वेळ बसलो.

ही माणसं इथल्या गावांत घाणे चालवायची, शनिवारी, म्हणजे त्यांच्या शब्बाथच्या सुट्टीच्या वारी, घाणा बंद म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणायला लागले. आडनावं पण गावांवरूनच पडली, किहीमकर, नवगावकर, रोहेकर, पेणकर, चेऊलकर. १९३७ साली मुंबईचे महापौर झालेले डॉ. एलिजा मोझेस याच समाजातले. आणि मुख्य म्हणजे इथे त्यांना कोणी कधी त्रास दिला नाही, हे ते स्वतः सांगतात, मग तरी १९४८ ला वीस हजारांच्या आसपास असलेला समाज भारतात आज चार-पाच हजारांवर का आला, हे मला कळत नव्हतं.

अलिबागमध्ये इस्रायल आळीत मागेन अबोथ सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ आहे, १८४८ चं. जुनी माणसं त्याला मशीदच म्हणायची. तिथून जवळच माझ्या मित्राच्या ओळखीच्या एक आजी राहतात, ऐंशीच्या पुढच्या, आणि नशीब असं की त्यांची धाकटी बहीण इस्रायलमधल्या डिमोनाहून महिनाभर आलेली होती. ओटीवर दोघी बसलेल्या, मध्ये ताटात पोहे निवडायला घेतलेले, मलिद्यासाठी. गूळ, ओलं खोबरं, वेलची, फळं घालून एलियाहू हनाबी या ज्यूंच्या प्रेषिताच्या नावाने करतात तो मलिदा. दोघी बोलत होत्या ती आपल्या अष्टागरातलीच मराठी, फक्त धाकटीच्या बोलण्यात मध्येच एखादा हिब्रू शब्द यायचा आणि मोठी लगेच विचारायची, "म्हंजे काय गो?"

धाकट्या आजी लग्न होऊन १९६८ साली इस्रायलला गेल्या. नवऱ्याकडचे सगळे तिकडेच होते. अलिबागच्या ओल्या हवेतून एकदम नेगेवच्या वाळवंटात, कापड गिरणीत नोकरी, भाषा येत नाही. "पहिलं वर्षभर मी रोज रडलेय," त्या म्हणाल्या, "पाऊस नाय, कोकम नाय, नारळ बघायला नाय." नारळाचं यांना फारच महत्त्व, कारण मांस आणि दूध एकत्र चालत नाही, म्हणून मटणाच्या रश्शाला पण नारळाचं दूध.

मी १९५२ चा विषय काढला. इस्रायलमध्ये बीरशेबाला गेलेल्या काही कुटुंबांना तिथे नोकरीत, वागणुकीत दुजाभाव वाटला, त्यांनी धरणं धरलं, आम्हाला भारतात परत पाठवा म्हणाले, आणि ते खरंच परत आले. नंतर त्यातले काही पुन्हा गेले सुद्धा. मग साठच्या दशकात तिथले धर्मगुरू यांच्या लग्नांवर शंका घ्यायला लागले, तुम्ही खरे ज्यू कशावरून म्हणून, तेव्हा जेरुसलेमला मोठं आंदोलन झालं आणि १९६४ ला तो प्रश्न सुटला. धाकट्या आजींचे दीर त्या आंदोलनात बसले होते. "हितं आम्हाला कोणी विचारलं नाय तुम्ही कोण," त्या म्हणाल्या, "आणि आपल्या देशात जाऊन पुरावा द्यायला लागला." हे वाक्य मला फार लागलं.

मग परत का नाही आलात? त्या पोहे निवडायच्या थांबल्या. मुलं तिथली झाली, एक नात आत्ता सैन्यात आहे, तिकडे मुलींना पण जावं लागतं. सायरन वाजला की घरातल्याच पक्क्या खोलीत पळायचं, या वयात गुडघे साथ देत नाहीत. "पण तिकडे शब्बाथला आख्खं गाव बंद असतं रे, तुला सांगून नाय कळायचं ते."

मोठ्या आजी तेव्हा बोलल्या आणि माझ्या प्रश्नाचं उत्तर मला तिथे मिळालं. सामूहिक प्रार्थनेला दहा ज्यू पुरुष लागतात, मिन्यान म्हणतात त्याला. एक घर गेलं की दहाचे आठ होतात, मग पोरीला स्थळ कुठून आणायचं, मग ते पण घर जातं. भीतीने नाही, एकटेपणाने रिकामी झाली ही आळी. त्या स्वतः राहिल्या कारण नवऱ्याची सरकारी नोकरी होती, सासू होती, आणि आता नवऱ्याची कबर इथे आहे. मुलगा इस्रायलमधल्या अश्दोदहून रोज फोन करतो, ये म्हणतो. "तिकडे गेले तर बिरड्याचा रोजा कोणाबरोबर धरू? त्याच्या बायकोला बिरडं माहीत नाय."

(बिरड्याचा रोजा म्हणजे जेरुसलेमचं मंदिर पाडलं त्या दुःखाचा उपास, आणि त्याचं नाव आपल्या वालाच्या बिरड्यावरून! दोन्ही देश एका नावात आहेत.)

चारनंतर दोघींची घाई सुरू झाली, सूर्य मावळायच्या आत स्वयंपाक उरकून दिवे लावायचे होते. धाकट्या आजींची बॅग दारातच उघडी होती, त्यात स्वेटरच्या घडीत आमसुलं आणि दोन पिशव्या पोहे. मोठ्या आजींनी तिसरी पिशवी आणून कोंबली, धाकटीने काढून ठेवली, वजन होतं म्हणून, मोठीने परत कोंबली, यावर दोघी पाच मिनिटं भांडल्या.

तेवढ्यात एक तिशीतला मुलगा आला, ओटीखाली चप्पल न काढताच म्हणाला, आजी, आठ झालेत, मुंबईहून एक गाडी येतेय, त्यात दोघं आहेत, पण वडखळला ट्रॅफिक आहे. मी तिथेच उभा, पुरुष, धडधाकट, आणि त्याला माझा काही उपयोग नव्हता. मी विचारलं पण, नुसता मागे बसलो तर? तो हसला, म्हणाला, बसा की, पण मोजता नाही येणार दादा.

मी मागे बसलो. गाडी सहा वाजून दहा मिनिटांनी आली.