हेलियमचा एक अणू

मंगळवार, रात्र

आज वस्तुमानाच्या आलेखात ७२४ चं शिखर सकाळपासून टिकून होतं. फुलरीनचा, म्हणजे साठ कार्बन अणूंच्या गोल रेणूचा, धनभारित आयन (वस्तुमान ७२०) आणि त्याला चिकटलेला हेलियमचा एकच अणू. आयन धरून ठेवणारा ट्रॅप निरपेक्ष शून्याच्या जवळ, ५ केल्विनच्या आसपास ठेवावा लागतो. तापमान जरा चढलं की हेलियम सुटतं, म्हणून दिवसभर एक डोळा त्या आकड्यावरच.

आयनांची मुख्य अडचण संख्येची. सगळे एकाच भाराचे, एकमेकांना ढकलणारे. ट्रॅपमध्ये कितीही भरले तरी इतके विरळ, की त्यांच्यातून आरपार गेलेला प्रकाश कमी झाला हे कळणारच नाही. म्हणून प्रकाशाकडे बघायचं नाही, आयनाचं काय झालं ते बघायचं. त्यात हा साठ कार्बनचा गोळा भलताच चिवट. लेझरचा एक फोटॉन गिळूनही तुटत नाही. मात्र हेलियमची पकड अशी नाजूक, की हात लागताच पारिजातक गळावा तसा फोटॉन शोषताच तो अणू गळतो. ७२४ ची मोजणी घटते. तरंगलांबी थोडी थोडी सरकवत ही घट टिपत गेलं की वर्णपट हाती येतो.

७२४ वर चार कार्बन-१३ (नेहमीच्या कार्बनहून एकाने जड अणू) असलेलं नुसतं फुलरीनही दिसू शकतं. निसर्गात कार्बन-१३ साधारण १.१ टक्के, पण साठ अणूंच्या रेणूत जवळपास निम्म्यांना निदान एक तरी जड कार्बन असतोच. म्हणून ट्रॅपच्या आधीचा क्वाड्रुपोल, म्हणजे वस्तुमानाची चाळणी, फक्त ७२० आत सोडतो. आत ७२० गेलं आणि बाहेर ७२४ आलं, तर वाढलेले चार हेलियमचेच. इतका चोख हिशेब मला दुसऱ्या कुठल्या प्रयोगात दिसत नाही.

संध्याकाळी जुने पेपर पुन्हा काढले. १९९३ मध्ये बाझेलला जॉन मायर यांच्या गटाने गोठलेल्या निऑनमध्ये या आयनाचा वर्णपट घेतला. १९९४ मध्ये फोइंग आणि एहरेनफ्रॉइंड यांना ताऱ्यांच्या प्रकाशात ९५७७ आणि ९६३२ आँगस्ट्रॉम (तरंगलांबीचं एकक) इथे, ताऱ्यांमधल्या पदार्थाने प्रकाश शोषल्याचे दोन पट्टे सापडले, निऑनमधल्या रेषांच्या जवळ. जवळ, पण तंतोतंत नाही. घन निऑन आयनाला चहूबाजूंनी घेरतं आणि रेषा सरकवतं. किती, ते वायुरूपात मोजल्याशिवाय कसं सांगणार? कँपबेल, होल्झ, गेर्लिश आणि मायर यांचं ते मोजमाप आलं २०१५ मध्ये, हेलियमच्या याच युक्तीने: ९६३२.७ आणि ९५७७.५. तोवर ‘जवळ आहे’ एवढ्यावर शिक्कामोर्तब झालं नाही, याचं मला फार मोल वाटतं.

हेलियमही रेषा सरकवतंच, पण एका आँगस्ट्रॉमहून कमी. एक, दोन, तीन अणू चिकटवून सरकणं मोजायचं आणि हिशेब शून्य हेलियमपर्यंत मागे न्यायचा. दुर्बिणीच्या बाजूने वातावरणातली वाफ याच भागात आड येते. ती अडचण अंतराळातल्या हबल दुर्बिणीने सोडवली आणि २०१९ मध्ये क्षीण पट्ट्यांचीही खात्री पटली.

मेरी ली हेगर यांनी १९२२ मध्ये असे पहिले पट्टे नोंदवले. आता यादी पाचशेच्या वर गेली आहे आणि खात्रीने नाव लागलंय ते या एकाच आयनाचं. उद्या ट्रॅपमध्ये कार्बन-हायड्रोजनची एक लांब साखळी घालायची आहे. हेलियम तिला धरतं का, ते आधी बघू; लेझर नंतर.