थांबा, कॅसेट पलटवतो

एप्रिलातली दुपार. माय ओसरीत भिवापुरी मिरच्यांचे देठ खुडत बसली होती आणि मी बाजेवर पडून मोबाइलवर ब्रूस स्प्रिंगस्टीन हा अमेरिकन गायक ऐकत होतो. इअरफोनचा एक कान गेलेला, म्हणून मोठ्यानंच. बराच वेळ झाला तरी गाणं काही सुरू होईना, तेव्हा ती म्हणाली, "हा मानूस गानं म्हनते का नुसता बोलतेच?"

बोलणंच चाललं होतं. १९८५ च्या सप्टेंबरात, लॉस एंजेलिसच्या कोलिझियम स्टेडियमात, 'द रिव्हर' म्हणायच्या आधी हा बापाची गोष्ट सांगतो. मागे वाद्य हळूहळू वाजत राहतं.

"काय सांगून राह्यला?"

मी सांगितलं. बापाचं अन् याचं केसांवरून रोज भांडण. सैन्यात गेलास म्हणजे माणूस होशील, असं बाप नेहमी म्हणे. दिवस व्हिएतनामच्या लढाईचे. एक दिवस याला तपासणीचं बोलावणं आलं. गेला. त्यांनी घेतलं नाही. घरी आला, तर बाप विचारते, काय झालं? हा म्हणते, नाही घेतलं.

"मंग? बाप काय म्हने?"

"बरं झालं म्हने."

मायनं मूठभर देठ सुपात टाकले. "बराबर हाये. आता गानं राहू दे."

माझं दुखणं नेमकं हेच. कार्यक्रमाच्या रेकॉर्डिंगमध्ये मला गाण्याच्या आधीचं आणि नंतरचंच जास्त आवडतं. सूर लावणं, कुणीतरी मागून ओरडणं, त्यावर याचं हसणं. हे भाषण ज्या संचात आलं, तो 'लाइव्ह १९७५–८५' १९८६ साली निघाला. पाच एलपी, म्हणजे मोठ्या तबकड्या, चाळीस गाणी, दहा वर्षांतल्या निवडक रात्री. त्यातलं एकेक गाणं खणखणीत. पण एका गावच्या टाळ्या विरत जातात आणि दुसऱ्या गावच्या उगवतात, ते मला अजून खुपतं. आताच क्लबातली मूठभर माणसं होती, ती गेली कुठं? लगेच हे स्टेडियम कुठून आलं? पंगतीतून अर्ध्या जेवणावर उठवून दुसऱ्या मांडवात नेऊन बसवावं, तसं होतं.

नंतर त्यानं स्वतःच ते दुरुस्त केलं म्हणायचं. २०१४ च्या शेवटापासून जुन्या कार्यक्रमांच्या अख्ख्या रात्री, पहिल्या आरोळीपासून शेवटच्या टाळीपर्यंत, अधिकृतपणे विकायला काढल्या. त्यात क्लीव्हलँडच्या अ‍ॅगोरा क्लबातली ९ ऑगस्ट १९७८ ची रात्रही आहे. तो कार्यक्रम तेव्हा रेडिओवरून थेट गेला होता. लोकांनी घरोघरी टेप लावले आणि चोरट्या नकला वर्षानुवर्षं हातोहात फिरल्या. छत्तीस वर्षांनी मालकानंच तो माल दुकानात मांडला. याला मोठेपणा म्हणा की हुशारी म्हणा. मी हुशारी म्हणतो, आणि तरी ऐकतो.

तर टेप.

आमच्या गावात अधिकृत रेकॉर्डिंग करणारा माणूस म्हणजे आमचे काकाजी. देवळात सामुदायिक प्रार्थना झाली की खंजिरीवर भजनं रंगायची, आणि काकाजी खांबापाशी पाट मांडून त्यावर टेप ठेवायचे. कॅसेट बहुतेक सिनेमाच्या गाण्यांची, तिच्या मोडलेल्या खाचेवर कागदाचा बोळा. साठ मिनिटांची कॅसेट, म्हणजे एक बाजू तीसची. बुवा ऐन रंगात आले की खट्ट आवाज व्हायचा, काकाजी हात वर करून म्हणायचे, "थांबा, कॅसेट पलटवतो," आणि खरंच सगळं मंडळ थांबायचं. खंजिरी हवेत. बुवांचं तोंड उघडं. पलटवून झालं की त्याच ओळीपासून पुन्हा. चूक कुणाचीच नाही, उलट आमच्या गावाला हा रिवाजच वाटायचा. पुढंपुढं बुवा खट्ट व्हायच्या आधीच काकाजींकडं बघायचे, आणि काकाजीही आधीच "थांबा" म्हणायचे.

सेल महाग. विझत आले की दिवसभर कवेलूंवर उन्हात ठेवायचे आणि रात्री तेच घालायचे. अशा अर्धमेल्या सेलांवर टेप हळू फिरायचा. मग कापसाचे पैसे आले की नवे सेल यायचे, आणि नव्या सेलांवर तेच भजन ऐकलं की बुवांचा आवाज चिरका होऊन सगळं मंडळ पळत सुटल्यागत वाटायचं. आम्ही पोट्टे हसून लोळायचो. बुवा मात्र गंभीरपणे ऐकायचे. एकदा म्हणाले, "तवा मी घाईत असन."

स्प्रिंगस्टीनच्या जुन्या टेपांवर ह्याच रोगाचा इलाज करतात. टेपवर आवाज भरताना गाण्यासोबत कानाला ऐकू न येणारी एक फार उंच लहर जाते. तिचा माग काढून टेप कुठं हळू फिरला, कुठं जोरात, हे ओळखता येतं आणि वेग सरळ करता येतो. वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा बुवाच आठवले.

काकाजींच्या कॅसेटींवर चुलतभावांनी पुढं सिनेमाची गाणी चढवली. वाचली ती एकच. ती वाजवायला यंत्र नाही. तालुक्याला एक पोरगा अशा कॅसेटी मोबाइलमध्ये उतरवून देतो म्हणतात. मागं विचारून आलो, तर पहिलाच प्रश्न, "काका, मागचा कचरा साफ करून देऊ ना?"

त्या कचऱ्यात आबाजींचा खोकला आहे. शेजारच्या बुढीचं "अबे त्या म्हशीले बांध" आहे. आणि खट्टच्या आधी काकाजींचं "थांबा" आहे, अर्धंच, कारण उरलेलं टेपवर मावलं नाही.

मी म्हणालो, पाहू. दिवाळीनंतर, कापूस विकल्यावर.