डोंगरावरचा समुद्र

आज दिवसभर डोंगरातल्या जिऑलॉजी ट्रेलवर भटकलो, पाय पार कामातून गेलेत. गाईडने बाटलीतलं पाणी एका चुनखडीवर ओतलं आणि जिथं काहीच दिसत नव्हतं तिथं अमोनाइटचं (गोगलगायीसारखं गुंडाळलेलं कवच असलेला, आता नामशेष झालेला समुद्री जीव) वेटोळं उमटलं, रेघ न् रेघ स्पष्ट, म्हणजे हा अख्खा डोंगर कधीकाळी समुद्राचा तळ होता राव! लगेच एकाने चावी काढून खरवडायला घेतलं, 'आठवण म्हणून'. गाईड जाम भडकला आणि बरोबरच आहे त्याचं, अमोनाइट संपून सुमारे 6.6 कोटी वर्षं झाली, ते काय परत उगवणारेत का? युनेस्कोच्या जिओपार्कांची (खडक-जीवाश्मांसाठी जपलेल्या खास प्रदेशांची) दर 4 वर्षांनी तपासणी होते आणि नीट सांभाळलं नाही तर दर्जा जाऊ शकतो, असाच धाक पाहिजे. बाकी माहितीचे बोर्ड कोण लिहितं देव जाणे, परीक्षेला बसल्यासारखं वाटतं. स्वित्झर्लंडच्या सार्डोना नावाच्या डोंगराळ भागात जुने खडक नव्या खडकांवर चढून बसलेत, मधली रेघ लांबूनच दिसते, तिथं बोर्ड नसला तरी भागेल. इथं मात्र पाणी ओतून दाखवणारा माणूसच लागतो, तर बोर्डांचे पैसे अशा गाईडांच्या पगारात घाला की!