थर्मिडोर नक्की कुठल्या साली?

एम.ए.च्या वर्गात क्रांत्या शिकवायच्या म्हणजे क्रेन ब्रिंटन टाळता येत नाही. इंग्लंड, अमेरिका, फ्रान्स आणि रशिया शेजारी ठेवून या अमेरिकन इतिहासकाराने १९३८ साली क्रांतीचे टप्पे मांडले: जुनी राजवट खचते, मवाळ येतात, जहाल त्यांना हुसकावतात, दहशत माजते, शेवटी लोक थकतात. क्रांती म्हणजे त्याच्या लेखी एक ताप. तो उतरतानाच्या या थकव्याला, फ्रेंच क्रांतीच्या पंचांगातल्या महिन्यावरून, ‘थर्मिडोर’ म्हणतात. परीक्षेला फारच सोयीचं प्रकरण.

त्या दिवशी एका विद्यार्थिनीने फळाभर रशियन क्रांतीचं वर्तुळ काढलं. मवाळांत झारनंतरच्या हंगामी सरकारचे ल्वोव आणि केरेन्स्की, जहालांत लेनिनचे बोल्शेविक, दहशतीखाली डिसेंबर १९१७ची चेका, म्हणजे त्यांची गुप्त पोलीस यंत्रणा. मार्च १९२१मध्ये लेनिनने शेतकऱ्याचं धान्य जबरीने उचलणं थांबवून कर लावला, उरलेलं विकायची मुभा दिली, तिथे ‘थर्मिडोर’. शेवटचा बाण स्टालिनमार्गे पुन्हा झारकडे.

एकाने भर घातली: पहिल्या रोमानोव्ह झारने १६१३ साली इपातिएव मठात गादी स्वीकारली, शेवटच्या झारला १९१८मध्ये इपातिएवच्याच घरात गोळ्या घातल्या! वर्ग हरखला. हे घर कुण्या इंजिनिअरचं, इपातिएव हे त्याचं आडनाव, एवढंच मी म्हणालो. असल्या योगायोगांवर माझा राग आहे. ते लक्षात राहतात आणि सांगत काहीच नाहीत.

मग मागच्या बाकावरून प्रश्न आला. “सर, ताप १९२१ला उतरला, तर १९३७ कुठे लिहायचं?”

मी हातातला खडू खाली ठेवला. जुलै १७९४मध्ये, म्हणजे थर्मिडोर महिन्यात, जहालांचा म्होरक्या रोबेस्पिएर पडला आणि फ्रान्समधली दहशत ओसरली. रशियात १९३७-३८ या दोन वर्षांतच सरकारी नोंदींप्रमाणे सुमारे ६ लाख ८० हजार माणसं मारली गेली, तीही ‘थकव्या’नंतर. कुणी सुचवलं, स्टालिनसाठी १९२९पासून दुसरं वर्तुळ काढू. काढा की! पण लागतील तेवढी वर्तुळं काढायची मुभा असेल, तर कुठलाही देश त्यात बसेल.

मला खरी मेख वेगळीच वाटते. बोल्शेविकांना फ्रेंच क्रांती तोंडपाठ होती. पुढचा धोका नेपोलियनचा, म्हणजे सत्ता बळकावणाऱ्या सेनापतीचा, हे त्यांनी धरूनच ठेवलेलं. म्हणून संशय लाल सैन्याच्या प्रमुखावर, ट्रॉट्स्कीवर. जानेवारी १९२५मध्ये त्याने ते पद सोडलं. घोडेस्वाराच्या धास्तीने सगळे वेशीवर पहारा देत होते. एप्रिल १९२२पासून पक्षाचा सरचिटणीस असलेला स्टालिन मात्र कचेरीत बसून नेमणुका करत होता. चक्र ठाऊक असल्यानेच चक्र बिघडलं, असं मी वर्गाला सांगितलं.

“पण ट्रॉट्स्कीही थर्मिडोर म्हणायचा ना?” वर्तुळवालीने अडवलं. म्हणायचा तर! आधी तो झालाच नाही म्हणे. १९३५ साली परागंदा असताना म्हणाला, सुरुवात १९२४लाच झाली होती.

पेपरात कोणतं साल लिहायचं, हे कुणीतरी विचारलंच. कारण पटवून दिलं तर दोन्हींना गुण देईन, म्हटलं.